माऊ, माकूळ आणि दोडका : कॅन्टोनीज बोलीच्या कार्डांच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

कामाला आज सुरुवात झाली. हाँगकाँगला नव्यानं येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी कॅन्टोनीज बोलीतल्या चाळीसेक वाक्प्रचारांची कार्डं करायची. खिशात मावतील एवढी, आणि सगळी देवनागरीत. आम्ही तिघी आहोत. मी, छ्वेन वानला राहणारी माझी मैत्रीण, आणि आमच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे ‘लोउ-सी’ म्हणतात, म्हणजे बाई. आम्हीही तेच म्हणतो.

हे डोक्यात आलं ते नोव्हेंबरातल्या एका रात्रीमुळे. शाम शुई पोच्या बाजारात माझी नेहमीची भाजीवाली आहे. आठ वाजून गेले होते, ती टोपल्या आवरत होती. मला विचारायचं होतं, ‘आवरलंत का?’ ऑफिसात ऐकलेला एक शब्द आठवला आणि मी हसत हसत विचारलं, ‘चप-लप?’ तिच्या हातातला दोडका तसाच राहिला. ‘छॉय! ताय-कत-लै-सी!’ असं दोनदा म्हणाली आणि पाठ फिरवून पैसे मोजायला लागली.

‘चप-लप’ म्हणजे धंदा बुडून दुकानाला कायमचं टाळं लागणं. दिवसाची आवराआवर म्हणजे ‘सौ-तॉङ’. ‘छॉय’ हा अशुभ शब्द झटकून टाकायचा उद्गार आणि ‘ताय-कत-लै-सी’ त्यावरचा उतारा. आपलं ‘शुभ बोल रे नाऱ्या’ आहे ना, अगदी तसाच. मला अर्थ साधारण माहीत होता. दुकान बंद होणं हाच तो अर्थ. तो कधी आणि कोणाच्या तोंडावर उच्चारायचा, ते माहीत नव्हतं. आपल्याकडे तरी दुकान ‘बंद करतो’ कुठे म्हणतात, दुकान ‘वाढवतात’. माझ्या आजीच्या तोंडी ‘जाते’ कधी आलं नाही, ‘येते’च. अशा घरात वाढून मला हे सुचायला हवं होतं.

म्हणून पहिला नियम: कार्डावर अर्थाइतकीच जागा ‘कोण कोणाला म्हणतं’ याला द्यायची.

२० जानेवारी, शनिवार

लिपीवर अख्खा दिवस गेला, पण दिवस सार्थकी लागला.

कॅन्टोनीज रोमन अक्षरांत लिहायची ‘युत-फिङ’ ही पद्धत हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेनं १९९३ मध्ये तयार केली. ती नेटकी आहे, पण आपली माणसं ती इंग्रजीसारखी वाचतात आणि चुकतात. तिथला ‘डी’ म्हणजे आपला त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. ‘बी’ म्हणजे प, ‘पी’ म्हणजे फ. म्हणजे कॅन्टोनीजला जो अल्पप्राण-महाप्राण भेद लागतो, तो आपल्या वर्णमालेत आधीपासून बसलेला आहे. युरोपातून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला ‘क’ आणि ‘ख’ वेगळे ऐकू यायला वर्ष लागलं. मराठी मुलाला ते पहिलीत येतं.

शिवाय ङ! शाळेत तक्त्यावर पाहिला आणि पुन्हा कधी कामाला आला नाही, असा तो ङ इथे रोज लागतो. ‘मी’ म्हणजे ‘ङो’. शब्दाच्या सुरुवातीलाच. ‘झेड’नं जो लिहितात तो आपला चोर-चाक मधला च, चार मधला नव्हे. छसाठी जीभ त्याच चोराच्या च वर ठेवून श्वास सोडायचा. फ दोन ठरवले: ओठ मिटून महाप्राण तो साधा फ, दात ओठाला लावून तो नुक्त्याचा फ़. लांब स्वर ‘आय, आउ’ असे लिहायचे आणि आखूड ‘ऐ, औ’. मराठीत ऐ-औचा उच्चार अइ-अउच होतो, त्यामुळे तेही जमलं.

राहिले सूर. ते सहा आहेत. देवनागरीत त्यांना खूण नाही, म्हणून युत-फिङचेच आकडे शब्दाच्या मागे लावायचे. मैत्रिणीचं म्हणणं होतं, आकडे पाहून लोक घाबरतील, काढून टाकू. लोउ-सींनी एकच उदाहरण दिलं. ‘लेङ३ चै२’ म्हणजे देखणा मुलगा. फळवाले, भाजीवाले कुठल्याही तरुण गिऱ्हाइकाला अशी हाक मारतात. ‘लेङ१ चै२’ म्हणजे कालचं पोरटं, मिसरूड न फुटलेला उडाणटप्पू. फरक फक्त पहिल्या अक्षराच्या उंचीचा. आमच्या मुलानं मागच्या वर्षी फुटबॉलच्या सरांना कौतुकानं हे म्हटलं होतं, वरच्या सुरात. सर बिचारे काही बोलले नाहीत. मलाच आज कळलं की तो काय बोलून आला होता.

आकडे राहणार.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज माकुळाचं कार्ड. या एका कार्डावर तीन तास गेले आणि मला ते सगळ्यात आवडलं.

‘छाउ-यौ-यू’, म्हणजे माकूळ परतणं. अर्थ: नोकरीवरून काढून टाकणं. माकूळ गरम कढईत पडला की त्याच्या वळकट्या होतात. पूर्वी कामगार मालकाकडेच राहायचे, अंथरूण मात्र स्वतःचं असायचं. कामावरून काढलं की अंथरूण गुंडाळायचं आणि निघायचं. कढईतल्या वळकटीवरून हा शब्द आला.

मी मराठी अर्थाच्या जागी आधी ‘नारळ देणे’ लिहिलं होतं. बोलण्याच्या ढंगाला तोच शब्द बरोबर आहे. पण लोउ-सी अंथरुणाचं सांगत असताना मैत्रीण एकदम म्हणाली, ‘अगं, गाशा गुंडाळणे!’ आम्ही दोघी क्षणभर गप्पच झालो. हजारो मैलांवरच्या दोन भाषांत माणसाचं निघून जाणं त्याच्या गुंडाळलेल्या बाडबिस्ताऱ्यावरून ओळखलं जातं. कार्डावर दोन्ही ठेवलं: चित्रासाठी गाशा, वापरासाठी नारळ.

मग ‘कोण कोणाला’चा रकाना. लोउ-सी म्हणाल्या, ‘मला परतलं’ हे मित्रांत खुशाल म्हणावं. आपणच राजीनामा दिला तर ‘मी लोउ-सैचा माकूळ परतला’ असंही म्हणतात. लोउ-सै म्हणजे मालक, साहेब. पण ज्याची नोकरी गेली आहे त्याला ‘तुला परतलं का?’ असं विचारायचं नाही. शब्द तोच, मात्र माणूस बदलला की तो टोचतो.

हे लिहून झाल्यावर आधीची सगळी कार्डं पुन्हा काढली. रकाना तिसऱ्यांदा आखायला लागणार असं दिसतंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

चिनी नववर्षाचा तिसरा दिवस. याला ‘छेक-हौ’ म्हणतात, शब्दशः लाल तोंड. या दिवशी भांडणं होतात अशी समजूत असल्यानं लोक एकमेकांकडे जायचं टाळतात. म्हणून आम्हीही भेटलो नाही. मी घरीच बसून ही नोंद लिहिते आहे.

परवा पहिल्या दिवशी लोउ-सींकडे गेलो होतो. त्यांनी मुलाला ‘लै-सी’ दिलं, म्हणजे पैशाचं लाल पाकीट. लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना द्यायची रीत आहे. मुलगा म्हणाला, ‘म्-कॉय.’ लोउ-सींनी हळूच दुरुस्त केलं: ‘तॉ-चे.’ दोन्हीचा अर्थ आभार. कोणी दार धरलं, चहा आणून ठेवला, जागा करून दिली, तर ‘म्-कॉय’. भेट मिळाली, कोणी जेवू घातलं, कोणी स्तुती केली, तर ‘तॉ-चे’. ‘म्-कॉय’ हाक मारायलाही चालतं, ‘जरा ऐका हो’ म्हणून. माझं मत: आलेल्या माणसानं बाकी काही न शिकता या दोन शब्दांतला फरक शिकला तरी त्याचं निम्मं काम होतं. कार्ड क्रमांक एक हेच.

शुभ-अशुभाचा विषय निघालाच आहे तर तोही लिहून ठेवते. पुस्तक म्हणजे ‘स्यू’ आणि हरणं म्हणजेही ‘स्यू’, सूरसुद्धा तोच. म्हणून पंचांगाला इथे पुस्तक म्हणत नाहीत. ‘थुङ-स्यू’चं ‘थुङ-सिङ’ केलं, कारण ‘सिङ’ म्हणजे जिंकणं. दोडक्याचं नाव ‘सी-क्वा’. त्यातला ‘सी’ हरण्याच्या जवळ जातो, म्हणून बाजारात दोडका झाला ‘सिङ-क्वा’, जिंकणारं वेलफळ. डुकराची जीभ विकणारा जिभेचा नेहमीचा शब्द वापरत नाही, कारण तो तोट्यासारखा ऐकू येतो. तो म्हणतो ‘लेइ’, त्यात नफा ऐकू येतो. रिकामं घर भाड्यानं द्यायचं असेल तर दलालाच्या काचेवर ‘रिकामं’ लिहिलेलं नसतं. ‘हुङ’ म्हणजे रिकामं, पण तसाच आवाज असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ अमंगळ. म्हणून तिथे ‘कत-उक’ लिहितात, शुभ घर.

नोव्हेंबरात त्या बाईंच्या हातात दोडकाच होता. जिंकणारं वेलफळ हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला मी दिवाळं निघण्याबद्दल विचारलं. आज हे लिहिताना पुन्हा वाईट वाटलं.

५ मार्च, मंगळवार

आज किङ-चत, म्हणजे जमिनीखालचे किडे जागे व्हायचा दिवस. संध्याकाळी कॉजवे बेला उड्डाणपुलाखाली जाऊन आले. तिथे म्हाताऱ्या बायका छोट्या स्टुलांवर बसून कागदाच्या बाहुल्या चपलेनं बडवतात. ‘ता-सिउ-यन’ म्हणतात, नीच माणसाला बडवणं. ज्याला कोणाचा जाच होत असेल तो येऊन पैसे देतो, बाई बाहुली बडवत यमकं जुळवून शिव्याशाप देते. आज रांग पुलाबाहेर गेली होती. अर्धा तास ऐकत उभी राहिले. रागाला एवढी लय असलेली मी कुठे ऐकली नव्हती.

तिथून आल्यावर शिव्यांच्या कार्डांवर बसलो. ‘छोउ-हौ’, म्हणजे जाडंभरडं तोंड, हे शिव्यांचं नाव. त्यातले पाच मुख्य शब्द कार्डावर घ्यायचे नाहीत, यावर तिघींचं एकमत झालं. त्यांना आमच्या मदतीची गरज नाही, बांधकामावर चार दिवस राहणारा माणूस ते आपोआप शिकतो.

‘फुक-काय’ मात्र घ्यावं लागलं. शब्दशः रस्त्यावर उपडं पडणं. विद्यार्थी, टॅक्सीवाले, ऑफिसातली माणसं, सगळ्यांच्या तोंडी आहे. पेपर अवघड गेला की मुलगा म्हणतो, ‘या वेळी मी फुक-काय!’ म्हणजे मेलो, संपलो. मित्र हसतात. हाच शब्द समोरच्याकडे बोट करून म्हटला की ‘रस्त्यात मरून पड’ असा शाप होतो, आणि त्यावरून मारामारी होऊ शकते. ‘तिङ-नेइ-कॉ-फ़ै’ त्याहून सौम्य. त्यात फुप्फुसाचं नाव येतं आणि खरं तर ते दुसऱ्या एका फार घाण वाक्याची जागा घेतं. लोउ-सी म्हणाल्या, ‘ते सौम्य आहे हे मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात तर ऐकणारा आधी तुमच्याकडे बघेल, मग शब्दाकडे.’ हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. दोन्ही कार्डं लाल, म्हणजे ऐकून ओळखायची, म्हणायची नाहीत.

१७ मार्च, रविवार

रकाना अखेर ठरला. ‘कोण कोणाला’च्या ऐवजी तीन घरं: स्वतःबद्दल, समोरच्याबद्दल, गैरहजर माणसाबद्दल. एकदा ही घरं आखल्यावर कार्डं भराभर पडायला लागली.

‘तिन-तङ-ताम’, विजेचा दिवा. दोघांच्या मध्ये तिसरा लुडबुडतो तो, आपल्याकडे ‘कबाब में हड्डी’ म्हणतात. स्वतःबद्दल म्हटलं तर अगदी सभ्य नकार होतो: ‘तुम्ही दोघं जा, मी दिवा नाही होत.’ दुसऱ्याला म्हटलं की हाकलल्यासारखं होतं. ‘सिक निङ-मुङ’, लिंबू खाणं: प्रेमात नकार मिळणं. स्वतःची गोष्ट म्हणून सांगावी. ‘से-वॉङ’, नागराजा: कामचुकार. ‘आज जरा नागराजा झालो’ चालतं. सहकाऱ्याला म्हणणं हा आरोप. (याच नावाची सापाच्या सूपची दुकानं आहेत, तिथे गोंधळायचं कारण नाही.) ‘छात-हाय’, बूट पुसणं: आपलं लोणी लावणं. कोणाबद्दलही म्हणा, तो दुखावणारच.

‘सिक सेइ-माउ’वर मात्र थांबलो. मेलेली मांजर खाणं, म्हणजे न केलेल्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर घेणं. मांजर म्हणजे ‘माउ’! कार्ड वाचताना मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी ‘माऊ’ ऐकून धावत आली, आणि तिला अर्थ सांगायची आमची हिंमत झाली नाही. हे वाक्य दिसायला स्वतःबद्दलचं आहे, म्हणून मी हिरव्यात, म्हणजे खुशाल म्हणायच्या कार्डांत, टाकलं होतं. लोउ-सींनी ते उचलून पिवळ्यात, म्हणजे जपून म्हणायच्यांत, ठेवलं. बैठकीत ‘मी मेलेली मांजर खाल्ली’ असं म्हटलं, तर ती कोणी मारली हा प्रश्न लगेच उभा राहतो. बोट न दाखवताही आरोप झालेला असतो. माझी तीन घरं इथे पुरत नाहीत. पुरणार नाहीत अशी आणखीही कार्डं येतील.

‘का-यौ’, तेल घाल. हिंमत धर, जोर लाव, या अर्थानं परीक्षेपासून आजारपणापर्यंत सगळीकडे. इंग्रजीतही हे इतकं रुळलं की २०१८ मध्ये ते ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेलं. मराठीत मात्र शब्दशः सांगायची सोय नाही. आपल्याकडे तेल आगीत ओततात, नाहीतर ‘तेल लावत जा’ म्हणतात, आणि दोन्हींत शुभेच्छा नाही. या एका कार्डावर शब्दशः अर्थ बारीक अक्षरात आणि ‘जोर लाव रे’ ठळक.

उपाहारगृहातली बोली थोडक्यात उरकली. ‘फ़ेइ-सा चौ-नाय’, वाळू उडव, दूध पळव: बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी. गिऱ्हाइकानं म्हणायला हरकत नाही. पांढऱ्या भाताला वाढपी आपसात ‘लेङ चै’ म्हणतात आणि साध्या पेजेला ‘लेङ नोय’, म्हणजे सुंदरी. हे गल्ल्यामागच्या माणसांचं आहे. आपण ‘पाक-फ़ान’ मागावा.

दोन तुकड्यांच्या ‘हित-हौ-यू’ म्हणींतली एकच घेतली. ‘लोउ-स्यू लाय क्वै’, उंदीर कासव ओढतो. पुढचा भाग ऐकणाऱ्यानं मनात म्हणायचा: कुठे धरावं कळत नाही. आपणही ‘नाचता येईना’ म्हणून थांबतोच की, अंगणाचं सांगावं लागत नाही. कामाचं टोक सापडेना की हे कोणापुढेही म्हणता येतं. हिरवं.

९ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. संध्याकाळी बारा-तेरा मराठी घरं जमली होती, कच्ची कार्डं दाखवायची ठरवली होती. श्रीखंडापर्यंत सगळं आनंदात चाललं होतं. मग कोणीतरी विचारलं, ‘आ-छा’ घेतलंय का?

हा शब्द इथे दक्षिण आशियाई माणसांसाठी तुच्छतेनं वापरतात. तो आपल्या ‘अच्छा’वरून आला असं एक स्पष्टीकरण देतात. देवनागरीत लिहिला की ते कानाला पटतं, छ सुद्धा तोच. शंग वान भागातल्या जुन्या बाजाराच्या गल्लीचं इंग्रजी नाव लास्कर, म्हणजे जहाजावरच्या भारतीय खलाशांवरून पडलं. तिचं चिनी नाव ‘मो-लो’ गल्ली, आणि ‘मो-लो-छा’ ही आणखी एक शिवी. आपली माणसं या शहरात पहिल्यापासून आहेत. मुंबईहून आलेल्या होरमसजी नौरोजी मोदींच्या देणगीनं हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं, त्यांच्या नावाचा रस्ता छिम शा छुईला आहे. वाहनतळावर पैसे भरायच्या खिडकीला इथे अजून ‘श्रॉफ’ म्हणतात, तो आपला सराफ. एवढं सगळं असून हा शब्दही आहेच.

एका आईचं म्हणणं पडलं, छापू नका. तिच्या मुलाला वर्गात हा शब्द ऐकावा लागला होता आणि तो घरी वहीत पुन्हा दिसायला नको. दुसरी म्हणाली, मुलगा चार महिने त्याला ‘अच्छा’ समजून हसत होता, ते मला जास्त लागलं. बराच वेळ चर्चा झाली. आवाजही चढले. मी दुसरीच्या बाजूनं होते आणि आहे. नाव माहीत नसलेल्या काट्याला हात लावता येत नाही. शेवटी ठरलं: छापायचं, लाल कार्डावर, आणि खाली शांतपणे म्हणायचं वाक्य द्यायचं. ‘ङो है यन-तोउ-यन’, मी भारतीय आहे. पहिल्या आईनं ते वाक्य स्वतः तीनदा म्हणून पाहिलं.

त्याच्या शेजारी ‘क्वै-लोउ’चं कार्ड लावणार आहे. गोऱ्या परदेशी माणसाला म्हणतात, शब्दशः भूत-माणूस. काही गोरे स्वतःही हसत म्हणतात, म्हणून आपली मुलं बिनदिक्कत उचलतात. स्वतःबद्दल त्यांनी म्हणावं, आपण नको. एक काका म्हणाले, ‘आणि आपल्याकडे ईशान्येच्या पोरांना आपण काय म्हणायचो?’ तो शब्द सगळ्यांना माहीत होता. कोणी उच्चारला नाही.

२८ एप्रिल, रविवार

कार्डं एकोणचाळीस झाली. हिरवी सतरा, पिवळी तेरा, लाल नऊ. ‘छोय-सोय’, पाणी फुंकणं, अजून मध्येच आहे. नुसत्या गप्पा ठोकणं असाही अर्थ होतो आणि ‘फेकू नकोस’ असाही. लोउ-सी आणि मैत्रीण दोघी आपापल्या रंगावर ठाम आहेत.

मिनीबसचं कार्ड आज मुलानं रस्त्यावर तपासलं. लाल मिनीबसला सहसा उतरायची घंटा नसते, ओरडावं लागतं: ‘यौ-लॉक, म्-कॉय!’ म्हणजे उतरायचंय हो. पहिल्यांदा आवाज पुरला नाही, एक थांबा पुढे गेलो. दुसऱ्यांदा चालकानं हात वर करून ऐकल्याची खूण केली.

परतताना बाजारातून आलो. आठ वाजत आले होते. भाजीवाली टोपल्या एकात एक घालत होती. मी विचारलं, ‘सौ-तॉङ?’ ती म्हणाली, ‘सौ-तॉङ!’ आणि उरलेले दोन दोडके अर्ध्या पैशात पिशवीत टाकले. मी ‘तॉ-चे’ म्हटलं. अर्ध्या किमतीला भेट म्हणायचं की सेवा, म्हणजे तॉ-चे की म्-कॉय, हे उद्या लोउ-सींना विचारायचं आहे. कार्ड एकवर त्याची ओळ नाही.